हवालदारबाईंना गुड मॉर्निंग

सकाळची विरार-चर्चगेट लोकल वसईला येते तेव्हा डबा आधीच फुल्ल असतो. आम्ही वसईकर मुली दांड्याला हात लागला तरी नशीब समजतो. अशा गर्दीत लेडीज डब्यात खिडकीजवळ बसलेली एक बाई गेलं वर्षभर माझ्या रोजच्या आयुष्याचा भाग आहे. तिचं नाव मला माहीत नाही. मी तिला ‘हवालदारबाई’ म्हणते. म्हणजे मनात, मैत्रिणींच्या ग्रुपवर, आणि खरं सांगायचं तर त्याहून जरा जास्त ठिकाणी. ते पुढे येईलच.

हवालदारबाईंचं काम म्हणजे डब्याची शिस्त. कोणी कुठे उभं राहायचं, कोणाची बॅग कोणाला लागतेय, फोर्थ सीटवर कोणाचा नंबर, कोण भाईंदरला उतरणार म्हणून सांगते आणि बोरिवलीपर्यंत हलत नाही, सगळा हिशेब त्यांच्याकडे. बोलणं म्हणजे लिंबाचा रस. ‘ए कॉलेज, बॅग पुढे घे. घरी शिकवलं नाही का?’ हे मी किती वेळा ऐकलंय याची मोजदाद नाही. एकदा अंगात ताप होता. चक्कर येईल असं वाटलं म्हणून मी नायगावच्या आसपास दोन मिनिटं टेकू का विचारलं. ‘आम्ही काय पिकनिकला निघालोय?’ हे उत्तर मिळालं. शेजारच्या दोघी हसल्या. खाडीचा पूल येईपर्यंत माझे डोळे भरून आले होते. तापानेही असेल.

त्यानंतर मी त्यांना मुद्दाम ‘आंटी’ म्हणायला लागले. लेडीज डब्यात या शब्दाने काय होतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

मी ख्रिस्ती आहे. वसईची, मराठी बोलणारी, मराठीत मिस्सा ऐकणारी. (हो, ख्रिसमसला केक आणेन. दरवर्षी विचारता.) आमच्याकडे राखेच्या बुधवारपासून इस्टरपर्यंत उपवासकाळ असतो. रविवार सोडून चाळीस दिवस. या काळात घरोघरी काही ना काही सोडतात. कोणी मटण, कोणी दारू, आमच्या पिढीतले इन्स्टाग्राम. मी दोन वर्षं चॉकलेट सोडलं होतं आणि इस्टरच्या दिवशी चाळीस दिवसांचं एकदम खाल्लं होतं. यंदा आमच्या फादरनी प्रवचनात सांगितलं की काही सोडू नका. तुम्हाला जो माणूस अजिबात सहन होत नाही असा एक निवडा आणि चाळीस दिवस त्याच्यावर प्रीती करा. त्याला कळू न देता. देवळात चुळबूळ झाली. बऱ्याच जणांनी बहुधा शेजारच्याच बाकावर नजर टाकली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र खिडकी आली, लोकलची.

‘प्रीती’ हा शब्द तुम्हाला जुनाट वाटेल. बाहेरच्या जगात तो जुन्या गाण्यांत सापडतो किंवा मुलीच्या नावात. पण मराठी बायबलच्या जुन्या भाषांतरात आणि आमच्या प्रार्थनांमध्ये तोच चालतो. आम्ही कॉलेजात कोणाच्या तरी ‘प्रेमात’ पडतो आणि देवळात शेजाऱ्यावर ‘प्रीती’ करतो. लहानपणी मला हे दोन वेगळे विषय वाटायचे. आता वाटतं, माझं लहानपणीचं बरोबर होतं. नवा करार मूळ ग्रीकमध्ये लिहिलेला. त्या भाषेत प्रियकर-प्रेयसीच्या ओढीला एक शब्द, मैत्रीला दुसरा, घरच्यांच्या मायेला तिसरा. आणि शत्रूवर प्रेम करा असं जिथे येशू सांगतो तिथे चौथाच शब्द येतो, अगापे. त्यात ओढ नाही, गोडी नाही. समोरच्याचं भलं व्हावं असं ठरवणं आणि त्याप्रमाणे वागणं, एवढंच. पौलाने करिंथच्या लोकांना लिहिलेल्या पत्रात प्रेमाचं जे प्रसिद्ध वर्णन आहे, जे आमच्याकडे लग्नांमध्ये हमखास वाचतात, तेसुद्धा मूळ भाषेत सगळं क्रियापदांत आहे. प्रेम काय करतं आणि काय करत नाही याची ती यादी. धीर धरतं, फुशारकी मारत नाही, दुसऱ्याच्या चुकांची वही ठेवत नाही. त्या अख्ख्या यादीत ‘आवडतं’ कुठेही नाही. नवरा-नवरीला फुलांच्या कमानीखाली बसवून आपण हे वाचतो म्हणून ते गोड वाटतं. खरं तर एकमेकांशी भांडणाऱ्या, एकमेकांना कमी लेखणाऱ्या एका मंडळीला उद्देशून लिहिलेलं ते पत्र आहे.

आता आपल्या पिढीचं बोलू. आपल्याकडे न आवडणाऱ्या माणसासाठी तयार शब्द आहे, टॉक्सिक. गेल्या महिन्याभरात मी हा शब्द कोणाकोणासाठी ऐकला? प्रोजेक्टमध्ये काम न करणारा मुलगा, सतत सल्ले देणारी मावशी, पहाटे अलार्म लावून स्वतः झोपून राहणारी रूममेट, मार्क कापणारे सर. आणि मुलीचा फोन तपासणारा, तिला मित्र भेटू न देणारा बॉयफ्रेंडसुद्धा टॉक्सिक. एकच शब्द. शेवटच्या माणसापासून लांबच जायला हवं, प्रश्नच नाही. पण अलार्मवाली रूममेट आणि तो एकाच टोपलीत? शब्द एक झाला की उपायही एकच होतो, कट ऑफ कर. ब्लॉक कर. तुझी शांती जप. हे सगळं ऐकायला छान आहे, पण माझा अनुभव असा की माझी शांती जपण्याच्या नावाखाली मी बहुतेक वेळा माझी सोय जपत असते.

बरं, लोकलमधल्या बाईला ब्लॉक कसं करणार? ती रोज त्याच खिडकीत.

इथे मला कबुली द्यायची आहे. हवालदारबाई माझ्या आयुष्यात फक्त त्रास नव्हत्या, त्या माझा कंटेंट होत्या. त्यांच्या भांडणाचे मी तीन व्हिडिओ काढले होते. बॅगेच्या आडून, चेहरा दिसेल असे. ‘हवालदारबाई पार्ट वन’, ‘पार्ट टू’, ‘पार्ट थ्री’. स्टोरीला टाकले, मागे ढोलकीचा आवाज. लोकांनी हसून हसून शेअर केले. कॉलेजात एका ज्युनिअरने पॅसेजमध्ये थांबवून विचारलं, ‘पार्ट फोर कधी?’ आणि मला भारी वाटलं. मी मास कॉमची विद्यार्थिनी आहे. संमती, खासगीपणा, सामान्य माणसाचा चेहरा दाखवताना घ्यायची काळजी, यावर मी पेपर लिहून चांगले मार्क मिळवले आहेत. त्या बाईच्या बाबतीत यातलं काहीही मला आठवलं नाही, कारण ती मला आवडत नव्हती. नावडत्या माणसाला आपण नियमांच्या बाहेर काढतो. इतरांशी जे करणार नाही ते त्याच्याशी चालतं असं आपल्याला वाटतं. चाळीस दिवसांत माझ्या हाती एवढी एक गोष्ट नक्की लागली.

म्हणून माझी प्रीती सुरू झाली ती डिलीट बटणापासून. तीनही व्हिडिओ काढले, हायलाइटमधूनही. ज्या ग्रुपांवर पाठवले होते तिथे लिहिलं की प्लीज काढून टाका, फॉरवर्ड करू नका. ‘काय झालं, बाईने केस केली का?’ असा रिप्लाय आला. उपवासकाळ आहे म्हटल्यावर हसणाऱ्या इमोजींची रांग. जे पुढे गेलं ते कुठे कुठे गेलं मला माहीत नाही. ते परत येणार नाही.

मग दुसरा दिवस. आता पुढे काय करायचं? एका अनोळखी, खडूस बाईचं भलं लोकलमध्ये कसं करतात? मी बायबल उघडलं. मोठं काही मिळेल अशी अपेक्षा होती. मत्तयच्या शुभवर्तमानात, शत्रूंवर प्रेम करा असं म्हटल्यावर येशू लगेच पुढे उदाहरणं देतो. देवाचा सूर्य वाईट माणसांवरही उगवतो आणि पाऊस सगळ्यांवर पडतो. आणि मग येते एक अगदीच साधी गोष्ट, नमस्कार. फक्त आपल्याच माणसांना नमस्कार करत असाल तर त्यात विशेष ते काय, असा तिथला प्रश्न आहे. एवढ्या मोठ्या शिकवणीत उदाहरण कशाचं, तर नमस्काराचं! मला हायसं वाटलं. हे जमण्यासारखं होतं.

सकाळी चढले आणि म्हटलं, ‘गुड मॉर्निंग.’ त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे खिडकी होती.

मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘हे फेक आहे यार. तुला ती आवडत नाही आणि गोड बोलतेस.’ या मुद्द्यावर मी बरेच दिवस घुटमळले, कारण आपल्या पिढीला फेक असण्यासारखं दुसरं पाप नाही. शेवटी उत्तर सापडलं ते माझ्या बाविसाव्या वर्षात नाही, एका अठ्ठावीस वर्षांच्या पाळकाच्या भाषणात.

१७ नोव्हेंबर १९५७ या दिवशी अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरातल्या आपल्या चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी शत्रूंवर प्रेम करण्याविषयी प्रवचन दिलं. त्याच्या आधीच्या वर्षी, जानेवारी १९५६ मध्ये, त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला होता. घरात पत्नी कोरेटा आणि काही आठवड्यांची मुलगी होती. दोघी वाचल्या. घराबाहेर संतापलेला जमाव जमला, काहींच्या हातात शस्त्रं होती. किंग यांनी त्यांना शस्त्रं घेऊन घरी जायला सांगितलं. या माणसाने प्रवचनात जो मुद्दा मांडला तो मला फार प्रामाणिक वाटतो. येशूने शत्रू ‘आवडून घ्या’ असं सांगितलं नाही हे महत्त्वाचं आहे, असं ते म्हणाले. आवडणं ही भावना आहे, आणि आपल्याशी असं वागणारी पुष्कळ माणसं आपल्याला आवडणं कठीण आहे हे त्यांनी देवळात उभं राहून मान्य केलं. प्रेम त्याहून मोठं आहे. समोरच्याला हरवण्याची संधी हातात आलेली असताना ते न करणं, तिथे त्याची परीक्षा.

म्हणजे फेक कशाला म्हणायचं? मी बाईंना ‘काय छान साडी आहे’ म्हटलं असतं तर ते फेक. गुड मॉर्निंग फेक नाही. त्यांची सकाळ चांगली जावी एवढं मी मनापासून म्हणू शकते. त्यात माझाही फायदा आहे.

आणि किंग गोड बोलून थांबले नव्हते, हेही विसरता कामा नये. ज्या बसमध्ये काळ्या माणसांना मागे बसावं लागे, गोऱ्यांसाठी उठावं लागे, त्या बसवर त्यांनी आणि माँटगोमेरीच्या लोकांनी ३८१ दिवस बहिष्कार टाकला. सोबत न्यायालयात लढाई चालू होती आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ती जिंकली. (आमच्या फोर्थ सीटच्या भांडणाची याच्याशी तुलना करणं वेडेपणा आहे. करत नाहीये.) पुढे १९५९ मध्ये ते भारतात आले तेव्हा मुंबईत मणिभवनात मुक्काम केला. मी मणिभवनात शाळेच्या सहलीत गेले होते, आणि मला फक्त तिथल्या बाहुल्यांचे देखावे आठवतात.

प्रेम करायचं म्हणजे पड खायची, हा गैरसमज मला वाटतं आपल्याकडे सगळ्यात जास्त आहे. तो माझा कधी झाला नाही, याचं श्रेय माझ्या आजीला.

आमची वाडी आणि आजोबांच्या चुलतभावाची वाडी लागून. मध्ये बांध, बांधाला लागून विहीर. आजोबा गेले आणि बांध दरवर्षी वीतभर आमच्या बाजूला सरकायला लागला. विहिरीच्या पाण्याची वाट एके दिवशी बंद झाली. आमची केळी सुकली. आजीने भांडून पाहिलं, मग वकील केला. वसईच्या कोर्टात केस लागली. तारखेला आजी ठेवणीतलं लाल लुगडं नेसून जायची, डब्यात भाकरी घेऊन, कारण कोर्टात वेळेवर पुकारत नाहीत. धाकटे आजोबा (आम्ही त्यांना असंच म्हणायचो) आजीला रस्त्यात दिसले की थुंकायचे. हे मी पाहिलेलं आहे.

मग त्यांना लकवा मारला. बायको आधीच गेलेली, मुलगे आखातात. एक बाई सकाळी येऊन करून जायची, संध्याकाळचं कोणी नव्हतं. आजीने दुसऱ्याच दिवसापासून संध्याकाळी पेज पाठवायला सुरुवात केली. न्यायची मी, सहावी-सातवीत असेन. स्टीलचा डबा फडक्यात बांधून बांध ओलांडून जायचं. तोच बांध. ते कधी ‘बरं’ म्हणाले नाहीत. ‘मीठ कमी आहे’ म्हणायचे. मी येऊन सांगायचे आणि आजी भडकायची. चुलीपुढे बसून ती त्यांना ज्या शिव्या द्यायची त्या या पानावर छापता येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर असायचं.

गावात लोक बोलायला लागले की आता केस मागे घेणार वाटतं. आईनेही विचारलं, ‘एवढं करतेस तर मिटवून टाक ना.’ आजी म्हणाली, ‘बांध माझा आहे. भूक त्याची आहे.’ पुढच्या तारखेला पुन्हा लाल लुगडं.

हे जवळजवळ दोन वर्षं चाललं. मधे त्यांनी माफी मागितली, हात हातात घेतले, असं काहीही झालं नाही. ते गेले तेव्हा आजी मातीला गेली, मागच्या बाजूला उभी राहिली, रडली नाही. केस आता त्यांच्या मुलांच्या नावावर चालू आहे. मी आजीला एकदा विचारलं होतं की तुला ते शेवटी शेवटी थोडे तरी आवडायला लागले होते का. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट अनेकांना माहीत असेल. लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला टाकलेला एक माणूस रस्त्याच्या कडेला पडलेला, धर्माचे अधिकारी बघून पुढे निघून जातात, आणि ज्या समाजाशी त्याच्या समाजाचं पिढ्यान्‌पिढ्या पटत नाही त्यातला एक प्रवासी थांबतो. आजीमुळे मला त्या गोष्टीत दोन गोष्टी दिसतात ज्या प्रवचनात फारशा येत नाहीत. एक, तो जखमी माणूस स्वभावाने कसा होता याबद्दल एक अक्षर नाही. त्याने आभार मानले का, तेही नाही. दुसरं म्हणजे शोमरोनी त्याला धर्मशाळेत पोचवतो, मालकाला दोन नाणी देतो, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला निघून जातो. मैत्री नाही, नंबर एक्स्चेंज नाही. जे करायचं ते केलं आणि निघाला. प्रीतीला हद्द असू शकते, हे त्या गोष्टीतच आहे.

हे मुद्दाम सांगतेय, कारण ‘प्रेम करा, क्षमा करा’ हे वाक्य चुकीच्या माणसाला सांगितलं की त्याचं हत्यार होतं. नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला हे ऐकवून परत पाठवणारे लोक सगळ्या धर्मांत आहेत, आमच्यातही आहेत. ते प्रीतीबद्दल बोलत नसतात, त्यांना गाजावाजा नको असतो. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा आणि सहा वर्षांची मुलं यांना गाडीत जिवंत जाळलं. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि पुढची काही वर्षं बारीपदामध्ये राहून कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. पण खटला थांबला नाही. दारा सिंगची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. क्षमा त्यांनी करायची होती, शिक्षा कायद्याने. आमच्या वसईतही फादर फ्रान्सिस दिब्रिटो शेजारधर्मावर लिहीत होते आणि जमिनी गिळणाऱ्यांविरुद्ध ‘हरित वसई’च्या आंदोलनात पुढेही उभे होते. मोठी माणसं झाली ही. पण मला त्यांच्या रांगेत डबा बांधणारी आजीही दिसते.

आणि हे फक्त आमच्याच घरातलं आहे असा माझा दावा नाही. पसायदान आठवीपर्यंत रोज म्हटलंय मी शाळेत. माउलींनी दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा असं मागितलंय. तेही ग्रंथ पूर्ण झाल्याबद्दलची भेट म्हणून.

आता तुम्ही वाट बघत असाल की हवालदारबाईंची स्टोरी काय निघाली. त्यांच्या घरी कोण आजारी होतं, कसलं दुःख होतं, मग मला त्यांचा राग कसा कळला वगैरे. मीही वाट बघत होते. पत्रकारितेत आम्हाला शिकवतात की प्रत्येक माणसामागे एक कहाणी असते. असेल. मला कळली नाही. मी विचारलीही नाही, मला कोणी अधिकार दिलाय? आणि हळूहळू मला ती वाट बघणंच खटकायला लागलं. म्हणजे त्यांच्या घरी दुःख असेल तर मी नीट वागणार आणि नसेल, त्या नुसत्याच स्वभावाने खडूस असतील, तर पुन्हा व्हिडिओ काढणार? दयेसाठी पुरावे मागण्यासारखं आहे हे. धाकट्या आजोबांची काही कहाणी नव्हती. ते लोभी होते आणि त्यांना भूक लागत होती.

चाळीस दिवसांत नाट्यमय काही घडलं नाही. मी बॅग चढायच्या आधीच पुढे घ्यायला लागले, कारण खरं सांगायचं तर याबाबतीत बाई पहिल्यापासून बरोबर होत्या. बॅग लागते. ‘आंटी’ बंद केलं, ‘ताई’वर आले. गुड मॉर्निंगला पहिला आठवडा उत्तर नाही. दुसऱ्या आठवड्यात ‘हं’. एकदा ‘काय आहे गं तुझं रोजचं?’ मधे चार दिवस माझाच संयम सुटला आणि मी मुद्दाम दुसऱ्या दाराने चढले. एक दिवस त्या दुसऱ्याच कोणावर इतक्या घाणेरड्या शब्दांत ओरडल्या की मी म्हटलं, ‘ताई, असं नका बोलू तिला.’ डबा शांत झाला. त्या दिवशीचं माझं गुड मॉर्निंग त्यांनी बहुतेक मनातल्या मनात परत केलं. आठवडाभर माझ्याकडे पाहिलं नाही. आजीची केस आठवली मला. हेही त्यातच येतं.

मला त्या अजूनही आवडत नाहीत. ज्या दिवशी त्या नसतात त्या दिवशी डबा मोकळा वाटतो, मी खोटं कशाला बोलू? फरक पडला असेल तर तो एवढाच की माझ्या फोनमध्ये त्यांचा चेहरा नाही, आणि नायगाव ते भाईंदर मी मनात त्यांच्याशी भांडत नाही. पूर्वी रोज भांडायचे. डायलॉगसकट. खाडी यायची आणि जायची, मला दिसायची नाही.

इस्टरनंतरच्या सोमवारी उपवासकाळ संपला होता. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या मी सुटले होते. गाडी आली, नेहमीपेक्षा जास्त भरलेली, मला कशीबशी दारातच जागा मिळाली. सवयीने आत डोकावून म्हटलं, ‘गुड मॉर्निंग.’

‘दारात उभी राहू नको,’ त्या ओरडल्या. ‘कितीदा सांगायचं?’

ते माझ्यासाठी होतं की डब्याच्या शिस्तीसाठी, मला माहीत नाही. मी आत सरकले.